रोझी, मध्यम

माझ्या बायकोच्या अंगठ्याचा ठसा मला शनिवारी सकाळी दुकानातल्या फळीवर दिसला. एक नव्हे, ओळीनं मांडून ठेवलेले. मी माशांसाठी गोठवलेल्या अळ्या घ्यायला गेलो होतो. एरवी त्या दुकानात मी पाऊल टाकत नाही. शिरल्याशिरल्या सशांच्या भुशाचा वास, मग कुत्र्यांचे रेनकोट, मांजरांच्या वाढदिवसाचे केक, आणि मासे सगळ्यांत मागे, गोदामाच्या दाराशी, कुणीतरी फार आग्रह केला म्हणून ठेवल्यासारखे. पण आमच्या चौकातलं माशांचं छोटं दुकान बंद झालं, तिथे आता नखं रंगवून देतात, मग जायचं कुठे? अळ्यांचं पाकीट हातात घेऊन मी वळलो तर समोर ही गुहा, टँकमध्ये माशांना लपायला ठेवतात तसली. डाव्या अंगाला एक तोंड, उजवीकडे जरा खाली दुसरं, आणि वरचा चपटा दगड टोपी डोळ्यांवर ओढलेल्या माणसासारखा पुढे आलेला. थेट माझ्या घरच्या टँकमधल्यासारखी. मी मनाशी म्हटलं, असेल, गुहा ही गुहेसारखीच दिसणार. मग पुढच्या कडेवर, दोन दगडांच्या सांध्यात, तो ठसा दिसला आणि ठशावरून तिरकी गेलेली रेघ दिसली. तळपायाची आग मस्तकात गेली. मी फळीला धरून उभा राहिलो. खोक्यावर छापलं होतं, 'रोझी, मध्यम. आपल्या माशांसाठी नैसर्गिक आसरा.' नैसर्गिक! प्लास्टिकला राखाडी रंग फासायचा आणि नैसर्गिक म्हणायचं.

रोस्विता, माझी बायको, कात्र्यांच्या कारखान्यात शेवटच्या तपासणीला होती. आमच्या झोलिंगनमध्ये एके काळी निम्मं गाव धारेवर जगायचं. दिवसभर कात्र्यांच्या पात्यांवरून अंगठा फिरवायचा आणि चांगली इकडे, वाईट तिकडे करायची, हे तिचं काम. घरी आली तरी सवय जायची नाही. ब्रेडच्या सुरीलासुद्धा अंगठा लावून बघायची आणि नाक मुरडायची. आयुष्यभर पात्यांशी खेळून तिला कधी ओरखडा आला नाही, आणि एका रविवारी पेअर कापताना घरच्या बोथट सुरीनं अंगठा उघडला. टाके पडले. कातडी जुळली, पण नीट जुळली नाही. भिंतीला कागद चिकटवताना फुलं चुकली की कशी अर्धी वर, अर्धी खाली राहतात, तशा तिच्या अंगठ्याच्या रेघा त्या तिरक्या वणाच्या दोन बाजूंना राहिल्या. "माझा अंगठा शिंप्याकडून आलाय," असं ती लोकांना सांगायची. असा अंगठा जगात दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नाही, आणि तो त्या दुकानात फळीभर होता.

तिला जाऊन तीन वर्षं झाली. मागे काय राहिलं, तर जवळजवळ काहीच नाही. अल्मुटनं, आमच्या मुलीनं, कासेलहून येऊन शनिवार-रविवारात कपाट रिकामं केलं. "बाबा, कपडे जपून आई परत येणार आहे का?" म्हणाली, आणि सगळं पिशव्यांत भरून चर्चच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकून आली. मी बघत बसलो. तेव्हा मला राग आला नव्हता, तो नंतर आला, आणि मग जायचं नावच घेईना. फोटोंत ती फारशी नाही, कारण कॅमेरा कायम तिच्याच हातात. आवाज कुठे नाही. जाताना माणसानं काहीतरी ठेवून जावं, एवढं तरी तिला कळायला हवं होतं, असं मी कितीदा तिच्यावरच चिडलो असेन. पुढच्या वसंतात टँकमधलं शेवाळ घासताना ब्रशखाली, आम्ही दोघांनी हातानं रचलेल्या गुहेच्या मागच्या बाजूला, हा ठसा उघडा झाला. इतकी वर्षं तो भिंतीकडे तोंड करून पाण्यात बसला होता. मी गुहा फिरवली आणि ठसा पुढच्या काचेशी आणला. तेव्हापासून दर रविवारी लहान मुलांच्या मऊ ब्रशनं तेवढी जागा साफ करायची, मग बाही वर करून पाण्यात हात तसाच थोडा वेळ ठेवायचा. त्या ठशात मी माझा अंगठा कधी ठेवला नाही. शेजारी ठेवायचो.

"आजोबा, काही मदत हवीय का?" मागून आवाज आला. दुकानातली मुलगी, कानात तीन-तीन कड्या, छातीवर हसऱ्या कासवाचा बिल्ला.

"मी कुणाचाही आजोबा नाही," मी म्हणालो. "ही गुहा माझी आहे."

"बरं. मग पैसे तिकडे, पुढच्या काउंटरवर."

"माझी म्हणजे माझ्या घरची! माझ्या टँकमधली! ही तुमच्याकडे आली कुठून?"

तिनं खोकं उलटं करून वाचलं. "रेमशाइडहून," ती म्हणाली. "आमच्याकडे माल आला, आम्ही लावला. फार छान जाते ही. तुम्ही ओरडू नका ना, ससे घाबरतात."

ससे घाबरतात! माझ्या बायकोचा हात उचलून विकायला मांडलाय आणि मी सशांची मर्जी राखायची. मी आणखी ओरडलो. नेमकं काय ओरडलो ते आठवत नाही, पण कुत्र्यांच्या रेनकोटांपाशी उभं असलेलं एक जोडपं हळूच काढता पाय घेताना दिसलं. अळ्यांचं पाकीट तिथेच फळीवर टाकून मी बाहेर पडलो. रेमशाइड म्हटल्यावर पुढचं मला कुणी सांगायची गरज नव्हती. रेमशाइडला माझ्या मित्राच्या, इंगोल्फच्या, जावयाचा कारखाना आहे, बागेत ठेवायचे प्लास्टिकचे बुटके आणि बेडूक ओततो तो.

इंगोल्फच्या घराकडे जाणारी, विजेच्या तारेवर चालणारी बस आली. हीच बस मी निम्मं आयुष्य चालवली. आताची पोरं ब्रेक लावतात तेव्हा उभी माणसं एकमेकांच्या मिठीत जातात. मी दांडा धरून उभा राहिलो, बसायला जागा होती तरी बसलो नाही, कारण बसल्यावर राग थोडा निवतो आणि मला तो निवू द्यायचा नव्हता. डोळ्यांसमोर ते स्वयंपाकघरातलं टेबल. टेबलावर पसरलेली वर्तमानपत्रं, बादलीत कालवलेलं सिमेंट, आणि श्वाबनच्या डोंगरातून सुट्टीत गाडीच्या डिकीत भरून आणलेले भोकाभोकांचे दगड. आमचे मासे टांगानिका तळ्यातले. 'राजकन्या' म्हणतात त्यांना आमच्या मासे पाळणाऱ्यांच्या मंडळात, शेपटीला लांब झालरी असतात म्हणून. त्यांना चुन्याचं, जड पाणी मानवतं, त्यामुळे दगडही चुनखडीचाच हवा. चुनखडी ओळखायची रीत मंडळात कुणीही सांगेल. दगडावर व्हिनेगर टाकायचं, बुडबुडे आले की चुना. पण रोस्विताची तऱ्हा निराळी. ती पर्समध्ये कंगव्याशेजारी व्हिनेगरची बाटली घेऊन डोंगर चढायची, शेताच्या बांधावर रचलेल्या दगडांपाशी गुडघे टेकायची, थेंब टाकायची आणि बघायची नाही, कान लावायची. फसफस ऐकू आली की माझ्याकडे वळून म्हणायची, "बोलला!" येणारे-जाणारे बघत राहायचे. मला लाज वाटायची. "अगं, दिसतंय की डोळ्यांना, कान कशाला लावतेस?" तर म्हणायची, "दिसतं ते तू बघ." पुढे मंडळात सगळेच म्हणायला लागले, हा दगड बोलतो, तो मुका आहे. शब्द तिचा होता हे बहुतेकांना आता माहीतही नसेल.

गुहा रचताना आमचं भांडण झालं होतं. मी म्हणत होतो, दगड टँकच्या सिलिकॉननं चिकटवू, एका दिवसात काम. ती म्हणाली, गोंद लावलेली गुहा गोंद लावल्यासारखीच दिसते. मग सिमेंट. दगड मी धरायचे आणि सांध्यात सिमेंट तिनं दाबायचं. मी हातमोजे दिले ते तिनं टेबलाखाली टाकले. "मोज्यातून काय कळतं? कारखान्यात तरी कधी घातले का मी?" सिमेंटनं तिची बोटं नंतर आठवडाभर जळजळत होती, आणि मी औषध लावून देताना 'सांगितलं होतं' असं म्हणायची एकही संधी सोडली नाही. मग गुहा बागेतल्या पावसाच्या पिंपात ठेवली. सिमेंटचा कडकपणा पाण्यात उतरेपर्यंत मासे सोडता येत नाहीत. मी कंटाळलो, ती नाही. ती पिंपातलं पाणी बदलायची, चाखून थुंकायची आणि म्हणायची, "अजून रागात आहे." शेवटी एका सकाळी चाखून गिळलं आणि म्हणाली, "आता घाल." त्या संध्याकाळी राजकन्यांची जोडी गुहेत शिरली ती शिरलीच. त्या जोडीची कितवी पिढी आता तिथे राहते आहे ते मला ठाऊक नाही.

इंगोल्फ मंडळाचा अध्यक्ष. शाळेपासूनचा मित्र, आणि खरं सांगायचं तर गेल्या वर्षी तो नसता तर माझे मासे जगले नसते. माझं खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर पुन्हा चालायला शिकवणाऱ्या केंद्रात आठवडेच्या आठवडे काढावे लागले. अल्मुट म्हणाली, मी कासेलहून माशांसाठी येऊ का, बाबा? इंगोल्फनं मासे, दगड, गुहा सगळं उचलून स्वतःच्या तळघरात नेलं, सांभाळलं, आणि मी घरी यायच्या आदल्या दिवशी सगळं होतं तसं परत मांडून ठेवलं. वर केक आणून ठेवला होता, चेरीचा. गुहेचा साचा काढला असणार तो त्याच आठवड्यांत. हे सगळं त्यानं केलं म्हणून मला आणखीच चीड येत होती. परक्या चोराला निदान उघडपणे चोर म्हणता येतं.

दार त्यानंच उघडलं. "अरे रायमुंड! काठी कुठंय तुझी? ये, बूट राहू दे, खालीच जायचंय आपल्याला. पिल्लं झालीत, बघ तरी."

"रोझी कोण?" मी दारातच विचारलं.

त्याचा चेहरा पडेल, तो सारवासारव करेल, असं मला वाटलं होतं. तो तर हसला. "पाहिलीस तू! छे, सगळा विचका केलास. मी मंडळाच्या वर्धापनदिनाला सगळ्यांसमोर देणार होतो तुला. पहिला नग, फीत बांधून. कशी झालीय?"

"कुणाला विचारून केलंस?"

"तुला. दवाखान्यात. तू म्हणालास, घेऊन जा सगळं, काय करायचं ते कर."

म्हणालो होतो. कण्हत, इंजेक्शनच्या गुंगीत, माशांबद्दल म्हणालो होतो. त्याचा त्यानं हा अर्थ काढला. तो पुढे चालत तळघरात उतरला आणि मीही एकेक पायरी मोजून टाकत मागे गेलो, कारण भांडायचं तर माणसाच्या मागे जावं लागतं. तळघरभर त्याचे टँक, पंपांची घरघर, ओल्या फडक्यांचा वास. मी कठड्याला टेकलो.

"तिला रोझी कुणी म्हणत नव्हतं," मी म्हणालो.

"मी म्हणायचो."

"तिला आवडायचं नाही."

"मला कधी बोलली नाही ती तसं."

"तुला कशाला बोलेल? मला बोलायची. तुझ्याकडून निघालो की गाडीत. आज पुन्हा तीनदा रोझी म्हणाला म्हणायची."

हे त्याला लागलं. लागावं म्हणूनच मी बोललो होतो. तो एका टँकच्या काचेवरचा डाग नखानं खरवडत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "ऐक. तिच्या थडग्याची जागा भाड्याची, मुदत पंचवीस वर्षांची. मग तू नसशील, मी नसेन, अल्मुट भरणार आहे का पुढचे पैसे? दगड काढतील, जागा दुसऱ्याला देतील. माझ्या आईचा नाही काढला? आणि ही बघ, कुठल्या कुठल्या घरांत जाईल. कुणाच्या कुणाच्या माशांची पिल्लं तिच्यात वाढतील. मला वाटलं, तिला हे आवडलं असतं."

"तिला काय आवडलं असतं ते तू मला सांगणार?"

"तू चिडलास की तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही रे."

"आणि पुढच्या कडेवरचं?"

"पुढच्या कडेवर काय?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. ठसा त्यानं पाहिलाच नव्हता; पाहिला असला तरी सिमेंट दाबल्याची खूण समजून सोडून दिला होता. जगात तो ठसा ओळखणारा मी एकटा होतो. त्याला सांगावं असं क्षणभर तोंडाशी आलं, पण मी गिळलं. सांगितलं असतं तर त्यानं तेही खोक्यावर छापलं असतं.

"कडेवर काय म्हणतोस?" तो म्हणाला, आणि आता मात्र त्याची नजर पंपाकडे वळली. "म्हणजे, कळलं का तुला? साचा सोडवताना पुढच्या कडेचा एक टवका उडाला होता. एवढासा. जावयानं तिथल्या तिथं लावला. मी तर म्हणालो, रायमुंडला कळणारसुद्धा नाही."

माझ्या कानांत पंपांची घरघर एकदम मोठी झाली. "कुठल्या कडेचा?"

"पुढच्या म्हटलं ना."

"तोच टवका लावला, की ओतून लावला? प्लास्टिकचा?"

"मला काय माहीत! तोच असणार. दुसरा कशाला करेल तो?"

"बेडूक ओततो तो! त्याला काय फरक पडतो?"

"मग घरी जाऊन बघ ना!" इंगोल्फही आता चिडला. "एवढा मोठा दगडांचा जाणकार तू. टाक व्हिनेगर. बोलतोय का बघ."

तिचा शब्द. त्याच्या तोंडून, माझ्या तोंडावर. मी हात उगारला नाही, वयानं नाही उगारला. पायऱ्या चढताना त्यानं कोपराला धरायला हात पुढे केला तो मी झटकला. बाहेर आल्यावर कळलं की त्याच्या पिल्लांकडे मी बघितलंसुद्धा नव्हतं.

म्हणजे गेलं वर्षभर दर रविवारी मी बाही वर करून कशाला हात लावून बसत होतो? बसमध्ये एवढा एकच प्रश्न. बाकी गुहा खरी असेल. पण गुहेचं मला काय करायचं होतं? त्या टवक्यावरच तर ती होती. मऊ ब्रशनं घासायचो, शेजारी अंगठा ठेवायचो, आज पाऊस पडला, अल्मुटचा फोन आला नाही, असलं काहीबाही मनात सांगायचो. ते जर बेडकांच्या प्लास्टिकला सांगत असेन, तर मी मूर्ख होतो, आणि मला मूर्ख बनवून वर चेरीचा केक ठेवला होता. घरी येऊन मी कोट न काढताच टँकचं झाकण उघडलं. पाण्यात हात घातला तसे राजकन्यांनी मनगटाला चावे घ्यायला सुरुवात केली. घ्या, म्हटलं, तुम्हीही घ्या. गुहा उचलली तेव्हा खुब्यातून कळ गेली. टेबलावर वर्तमानपत्र पसरून, त्याच टेबलावर, तिला ठेवली. पाणी टपकत जमिनीवर गेलं.

खिडकीशी उजेड चांगला होता. नीट बघितल्यावर केसाएवढी रेघ दिसली, ठशाभोवती जवळजवळ गोल फिरलेली. इथूनच उडाला होता टवका. पण लावलेला खरा की खोटा? शेवाळाचा हिरवा थर दगडावर चढतो तसा प्लास्टिकवरही चढतो. सुरीनं खरवडून बघता आलं असतं, आणि घरात सुऱ्यांना तोटा नाही, झोलिंगनच्या घरात कधीच नसतो. पण सुरी मी खाली ठेवली. सुरीनं ठसा बिघडला असता. व्हिनेगर बरं, एक थेंब, काही होत नाही. तिचं लोणच्याचं साधं व्हिनेगर कधीच संपलं होतं. ती गेल्यापासून या घरात काकड्या मुरल्या नाहीत. ओट्याखाली किटलीतला थर काढायच्या कडक व्हिनेगरची बाटली तेवढी होती. त्यात पाणी घालून घ्यावं असं मनात आलं. आलं, आणि गेलं. रागाच्या भरात माणूस पाणी घालत बसत नाही.

आधी गुहा आडवी करून बुडाला थेंब टाकला. लगेच बोलला. म्हणजे गुहा खरी. मग सरळ केली आणि ठशावर एक थेंब टाकला. काही नाही. थेंब तसाच बसून राहिला, स्वच्छ, गोल, मुका. मी आणखी एक टाकला. काही नाही. मग मी मोठमोठ्यानं इंगोल्फला, त्याच्या जावयाला, बुटक्यांना, बेडकांना, मंडळाला, खुब्याच्या डॉक्टरला, कपडे पेटीत टाकणाऱ्या अल्मुटला आणि काहीही न ठेवता निघून गेलेल्या त्या बाईला, सगळ्यांना एका दमात नाही नाही ते बोललो. त्या नादात बाटली तिरकी झाली आणि मी ती सरळ केली नाही. ओतलं.

आणि तो बोलला. शेवाळाचा थर फाटला असावा. आधी एक बुडबुडा, मग दोन-चार, मग ठशाच्या सगळ्या जागेवर पांढरा फेस उसळला. मी टेबलाशी वाकून कान लावला. बारीक, घाईघाईची फसफस, कुणी दुसऱ्या खोलीत भरभर बोलत असावं तशी. "बोलला!" मी मोठ्यानं म्हणालो. रिकाम्या घरात, कोट घालून, नाकात व्हिनेगर झोंबत असताना, "बोलला, बोलला!" खरा होता. तोच टवका, तोच सांधा, तीच. इंगोल्फ खरं सांगत होता. मला इतका आनंद झाला की त्याला फोन करून शिव्या परत घ्याव्यात असंही वाटून गेलं. आवाज बारीक होत चालला तसा मी आणखी थोडं ओतलं, पुन्हा ऐकावा म्हणून. तो पुन्हा बोलला. मी ऐकत राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. पुष्कळ दिवसांनी आवाज ऐकला की माणूस घड्याळ बघत नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते व्हिनेगरचंही असेल.

मग फेस बसला. पुसायला फडकं शोधलं नाही, अंगठ्यानंच पुसला. अंगठ्याखाली काहीतरी मऊ सरकलं. ओल्या राखेसारखं. मी अंगठा उचलून बघितला, त्याला राखाडी चिखल लागला होता. नळाखाली गुहा धरली, पाणी सोडलं, खिडकीशी आणली. जिथे ठसा होता तिथे आता एक गुळगुळीत खळगी होती. रेघा नव्हत्या. तिरका वण नव्हता. उजेडाकडे करून बघितली, आडवी धरून बघितली, चष्मा काढून, घालून. खळगी माझ्या अंगठ्याच्या मापाची होती.

मी खुर्चीवर बसलो. चिडायला बघत होतो. इंगोल्फला आठवून बघितलं, त्याचं हसू आठवलं, रोझी म्हणणं आठवलं. एरवी एवढ्यानं डोकं फिरलं असतं. राग यायचा, इकडेतिकडे जागा शोधायचा आणि परत माझ्याकडेच यायचा. माझ्यावर चिडून मी काय करणार होतो? टँकमध्ये राजकन्या काचेशी येऊन उभ्या होत्या, घर गेलेल्या. मी गुहा पुन्हा पुन्हा धुतली, व्हिनेगरचा वास जाईपर्यंत धुतली, पाण्यात सोडली. त्या लगेच आत शिरल्या. त्यांना काही फरक पडला नव्हता.

मग मी पुन्हा चौकात गेलो आणि बस धरली. कोटाची बाही ओलीच होती. दुकान बंद व्हायला अजून अवकाश होता, पण फरशी पुसायला घेतली होती. मी थेट मागे गेलो, गोदामाच्या दाराशी. फळी रिकामी होती. तिथे आता शिंपले आणि खजिन्याच्या पेट्या मांडल्या होत्या.

कासवाच्या बिल्ल्याची मुलगी मला बघून दोन पावलं मागे सरली. सकाळचं तिला आठवत होतं.

"इथल्या गुहा?" मी विचारलं.

"आत नेल्या. तुम्ही एवढं ओरडलात, मॅनेजर म्हणाले, काही भानगड असेल तर सोमवारी बघू."

"भानगड नाही," मी म्हणालो. "एक हवीय मला."

 ती फडकं खांद्यावर टाकून गोदामाच्या दाराकडे वळली. "आत पुष्कळ आहेत गुहा. नाव सांगा. कुठली?"

ज्या नावाची रोस्विताला आयुष्यभर चीड होती, इंगोल्फनं जे तीनदा म्हटलं म्हणून ती गाडीत बसल्यावर कुरकुरायची, ते मी आजवर एकदाही तोंडानं हाक म्हणून घेतलं नव्हतं.

"रोझी," मी म्हणालो.

"लहान की मध्यम?"

"मध्यम."